विमान कंपनी रिझर्व्हेशन सिस्टीम बदलते तेव्हा नियमही का बदलतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कुडाळला तुमचं तिकिटांचं ऑफिस आहे. गिऱ्हाईक बहुतेक आखातात नोकरी करणारं, नाहीतर मुंबई-पुण्याहून गणपतीला गावी येणारं. एका विमान कंपनीचं पत्र आलंय की अमुक तारखेला आम्ही नव्या रिझर्व्हेशन सिस्टीमवर जातोय, दीड दिवस कुठल्याच बुकिंगमध्ये बदल होणार नाहीत, काहींचे पीएनआर बदलतील, त्या आठवड्यातली तिकिटं हवी तर फुकटात पुढेमागे करून देऊ. तुमचं म्हणणं, सॉफ्टवेअर त्यांचं बदलतंय, मग नियम आमच्या माथी का? आणि ऐन गणपतीच्या तोंडावरच का?

मी रिझर्व्हेशन कंट्रोलमध्ये आणि पुढे एअरपोर्टवर बरीच वर्षं काढली, अशी स्थलांतरं आतून पाहिली आहेत. त्यावरून सांगतो. पत्रातल्या त्या अटी म्हणजे स्थलांतराचाच अर्धा भाग आहे. आधी विक्री आवरायची, सवलती-अपवाद आवळायचे आणि मगच यंत्र बदलायचं, हा क्रम ज्या कंपनीने पाळला तिचं बरं झालं. ज्यांनी 'धंदा नेहमीसारखा चालू ठेवून' बदलायचा हट्ट धरला, त्यांचे प्रवासी काउंटरवर ताटकळले.

आधी बदलतं काय ते बघू. आपण सगळं मिळून 'सिस्टीम' म्हणतो, पण आत तीन वेगळे भाग असतात. बुकिंग जिथे राहतं ते रिझर्व्हेशन. कुठल्या फ्लाइटवर कुठल्या भाड्याच्या किती सीट विकायच्या ते ठरवणारी इन्व्हेंटरी. आणि एअरपोर्टवर चेक-इन, बोर्डिंग, विमानाचं वजन सांभाळणारी डीसीएस. शिवाय ज्या कंपन्या ई-तिकीट देतात त्यांच्याकडे तिकिटाची नोंद आणखी वेगळीकडे असते. सहा अक्षरांचा पीएनआर हे झालं बुकिंग. तेरा आकडी तिकीट नंबर म्हणजे पैसे भरल्याचा आणि प्रवासाच्या हक्काचा पुरावा. पहिले तीन आकडे कंपनीचे, एअर इंडियाचे ०९८. रेल्वेच्या खिडकीवर वाढलेल्या आपल्या लोकांना हे पटकन पटत नाही, कारण तिथे पीएनआर आणि तिकीट एकाच कागदावर एकच गोष्ट. विमानात बुकिंग 'कन्फर्म' दिसतं आणि तिकीट त्याला जोडलेलंच नसतं, असं होऊ शकतं. स्थलांतरात सगळ्यात जास्त गोंधळ याच सांध्यात होतो.

आता एक बुकिंग जवळून बघा. मस्कतहून गोव्यातल्या मोपा विमानतळावर येणारं एक कुटुंब घ्या. आई, बाप, मांडीवरचं बाळ, सोबत आजी. आजीला व्हीलचेअर मागितलेली, बापाने जादा सामानाचे पैसे भरलेले, सीट निवडलेल्या, मध्ये एकदा कंपनीने वेळ बदलली म्हणून ते बुकिंग हलवलेलं. पडद्यावर चार ओळींत मावतं. पण बाळाला स्वतःची सीट नसते, ते बुकिंगमधल्या एका मोठ्या माणसाला बांधलेलं असतं. जुन्या सिस्टीममध्ये 'प्रवासी क्रमांक २' म्हणजे आई. नव्या सिस्टीमने नावं वर्णानुक्रमे लावली आणि क्रमांक २ आजी झाली, तर बाळ आजीच्या मांडीवर. हे मी स्वतः काउंटरवर पाहिलंय. आजी व्हीलचेअरमध्ये, बाळ आजीच्या नावावर, आई एकटीच दहा रांगा मागे. सोडवायला तशी पाच मिनिटं लागतात, पण त्या फ्लाइटवर अशी पंधरा कुटुंबं असली की फ्लाइट लेट.

व्हीलचेअरचंही तसंच. ती विनंती नव्या सिस्टीममध्ये जाते, पण पुष्कळदा 'मागितलेली' अशा अवस्थेत जाते, 'मंजूर' अशा नाही. कुणीतरी ती पुन्हा मंजूर करावी लागते. जादा सामान, खास जेवण, एकट्याने प्रवास करणारं मूल, ग्रुप बुकिंग, दोन कंपन्यांच्या फ्लाइट जोडलेलं बुकिंग, या सगळ्यांना हेच लागू. एकट्या माणसाचं मुंबई-गोवा बुकिंग सहसा बिनबोभाट पलीकडे जातं. अडकतं ते गुंतागुंतीचं, आणि आपल्या आखाती प्रवाशांची बुकिंगं गुंतागुंतीचीच असतात.

म्हणून कंपन्या आधी काही महिने खऱ्या बुकिंगच्या नकला काढून नव्या सिस्टीममध्ये ओतून बघतात. किती गळतात, का गळतात हे मोजतात. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा ओतणं. शेवटच्या रात्रीही काही गळणारच, ते हाताने बसवायला माणसं बसवलेली असतात. तुमच्या पत्रातला 'दीड दिवस बदल बंद' इथून येतो. अमुक वाजताची स्थिती उचलून पलीकडे न्यायची. त्यानंतर जुन्या बाजूला कुणी तारीख बदलली, नाव दुरुस्त केलं, की तो प्रत्येक बदल मागाहून वेगळा न्यावा लागतो. तो नेताना चुकला तर एकच माणूस दोन्हीकडे किंवा कुठेच नाही. दीड दिवस ऐकायला जास्त वाटतो, पण हात लावू न देण्यात शहाणपण आहे.

स्थलांतराच्या दोन तऱ्हा आहेत. एक, सगळं एका रात्रीत. २०१२ साली ३ मार्चला युनायटेडने विलीनीकरणानंतर आपली बुकिंगं कॉन्टिनेन्टलच्या सिस्टीमवर नेली. एअरपोर्टवरची चेक-इनची यंत्रं अडखळली, फोनवर लोक तासन्‌तास लटकले, कर्मचाऱ्यांना नव्या पडद्यांचा हात बसेपर्यंत बरेच दिवस गेले. दुसरी तऱ्हा, जुनं हळूहळू रिकामं करायचं. अमेरिकन एअरलाइन्सने यूएस एअरवेजला सामावून घेताना १७ ऑक्टोबर २०१५ ही तारीख धरली आणि त्याच्या तीन महिने आधीपासून त्या तारखेनंतरच्या प्रवासाचं बुकिंग फक्त आपल्या सिस्टीममध्ये घ्यायला सुरुवात केली. तारीख उजाडली तेव्हा जुन्या बाजूला हलवण्यासारखं फार थोडं उरलं होतं. साउथवेस्टनेही ९ मे २०१७ नंतरचा देशांतर्गत प्रवास आधीपासून नव्या सिस्टीममध्येच विकला. मधले काही महिने दोन सिस्टीम शेजारी शेजारी. कर्मचाऱ्यांना त्रास दुप्पट, प्रवाशाला जवळजवळ कळलंही नाही.

आपल्याकडचं उदाहरण तुमच्याही हातून गेलं असेल. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात मिळाली. त्याआधी ३ सप्टेंबरपासूनच, १२ नोव्हेंबर किंवा पुढच्या प्रवासाचं बुकिंग विस्ताराच्या नावाने मिळेनासं झालं. जी बुकिंगं आधी झाली होती ती एअर इंडियाकडे वळवली. फ्लाइट नंबरांचंही नीट ठरवलं होतं, विस्ताराच्या विमानांना एआय या एअर इंडियाच्या कोडपुढे २ ने सुरू होणारे नंबर, म्हणजे विस्ताराच्या यूके ९५५ चं एआय २९५५. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला नंबर बघूनच कळे की विमान, केबिन आणि जेवण कुठल्या बाजूचं. सॉफ्टवेअरच्या बाहेरची साधी युक्ती, पण कामाची. एअर इंडिया एक्स्प्रेस आणि एअरएशिया इंडिया यांनीही विलीनीकरण ऑक्टोबर २०२४ मध्ये पुरं केलं, पण बुकिंगची सिस्टीम मार्च २०२३ मध्येच एक केली होती. कायद्याचे कागद मागाहून आले.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, नियम का हलवतात.

पहिलं, विमानं मुद्दाम रिकामी ठेवतात. जेटब्लूने जानेवारी २०१० मध्ये सिस्टीम बदलताना त्या शनिवार-रविवारच्या काही फ्लाइट आधीच रद्द केल्या आणि उरलेल्यांवर विक्री आवरती घेतली. काही महिने आधी वेस्टजेटने तीच सिस्टीम घेताना जो मनस्ताप भोगला होता तो त्यांच्यासमोर होता. रिकाम्या सीट म्हणजे चुकांना जागा. दोन माणसांना एकच सीट लागली तर तिसरी द्यायला हवी ना! म्हणून ओव्हरबुकिंग त्या काळात शून्यावर आणतात. साउथवेस्टने तर नव्या सिस्टीमच्या सुमारास, मे २०१७ पासून, ओव्हरबुकिंग कायमचंच बंद केलं. ऐन त्याच दिवसांत दुसऱ्या एका कंपनीच्या विमानातून प्रवाशाला ओढून बाहेर काढल्याचं प्रकरण गाजत होतं हे खरं, पण मागणीचा चांगला अंदाज बांधणारी साधनं हाती असल्याशिवाय असा निर्णय कुठलीही कंपनी घेत नाही.

दुसरं, फुकट तारीख बदल. तुम्हाला ती मेहेरबानी वाटली असेल. ती गर्दी पांगवण्याची सोय आहे. ज्याला आजच जायचं नाही त्याने कटओव्हरच्या, म्हणजे प्रत्यक्ष सिस्टीम बदलण्याच्या, दोन दिवसांत येऊच नये, हा हिशेब. फक्त एजंट म्हणून एक लक्षात ठेवा. तिकीट बदलून नव्याने काढताना कंपनीने दिलेला वेव्हर कोड, म्हणजे सवलतीचा परवाना क्रमांक, तिकिटावरच्या एन्डॉर्समेंटच्या (शेऱ्याच्या) रकान्यात घातल्याशिवाय तिकीट छापू नका. फोनवर कुणी 'हो, करा' म्हणालं ते पुरत नाही. काही महिन्यांनी एडीएम, म्हणजे कंपनीची एजंटकडून वसुलीची नोटीस, येते तेव्हा फोनवरचा माणूस सापडत नाही.

तिसरं, गुंतागुंतीच्या सेवा काही दिवस बंद. एकटं मूल, पाळीव प्राणी, दुसऱ्या कंपनीच्या फ्लाइटला जोडून पुढचं चेक-इन. दोन कंपन्यांच्या सिस्टीम एकमेकींना तिकिटाची स्थिती कळवत असतात, ती तार तुटली की पुढच्या कंपनीला तुमचा प्रवासी दिसतच नाही. म्हणून कंपन्या आधीच ती दारं लावून घेतात. याबद्दल त्यांना दोष देऊ नका. दोष द्यायचाच तर मुहूर्ताबद्दल द्या. त्यांच्या तक्त्यात जुलै ते सप्टेंबर म्हणजे पावसाळी मंदी, आणि मंदीत स्थलांतर करायचं हे पुस्तकी बरोबरच आहे. पण तिथल्या मंदीत आपली चतुर्थी येते हे हेड ऑफिसच्या तक्त्यात दिसत नाही. मी मीटिंगमध्ये हे मांडलेलं आहे. उत्तर मिळालं की देशभराच्या आकड्यांत तो उंचवटा बारीक आहे. बारीक असेल, पण मोपाच्या काउंटरवर उभं राहून तो तसा वाटत नाही.

एअरपोर्टची बाजू प्रवाशाला दिसत नाही, पण खरी परीक्षा तिथेच. मोठ्या विमानतळावर नवी सिस्टीम शिकलेले पाचपन्नास लोक असतात, मदतीला हेड ऑफिसची माणसं येतात. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळासारख्या लहान ठिकाणी जे दोन-चार जण काउंटरवर असतात तेच नंतर गेटवर, तेच सामानाकडे. त्यांचं प्रशिक्षण शेवटच्या आठवड्यात उरकलं तर पहिल्या सकाळी हात थरथरतात. त्यात बॅग टॅगचा प्रिंटर नव्या सिस्टीमशी बोलत नसला तर टॅग हाताने लिहायचे.

डीसीएस बंद पडली तर बोर्डिंग पासच जातो असं लोक समजतात. तो काही मोठा प्रश्न नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघाडात देशभर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, फोटो तुम्हीही पाहिले असतील. अवघड असतं ते वजनाचं गणित. लहान विमानतळांवर येणाऱ्या एटीआरसारख्या छोट्या पंख्याच्या विमानात माणसं पुढे किती, मागे किती, सामान कुठल्या खणात, यावर विमानाचा तोल ठरतो. सिस्टीम ते क्षणात काढते. सिस्टीम नसेल तर ट्रिम शीट, म्हणजे वजन आणि तोलाचा तक्ता, हाताने भरायची, तीही हे काम येणाऱ्या अधिकृत माणसानेच, आणि मग कॅप्टनची सही. म्हणून शहाणी कंपनी कटओव्हरच्या आधी संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाच्या प्रवासी याद्या छापून प्रत्येक स्टेशनला, म्हणजे विमानतळावरच्या आपल्या ऑफिसला, पाठवते, आणि जुन्या पद्धतीने ट्रिम शीट भरू शकणारा एक तरी जुनाजाणता माणूस तिथे बसवते. तुम्हाला एखादी कंपनी तयार आहे की नाही हे जोखायचं असेल तर स्टेशनवरच्या ओळखीच्या माणसाला एवढंच विचारा, छापील यादी येणार आहे का?

नावांचा विषय वेगळा काढतो, कारण तुमच्या गिऱ्हाइकाला तो सगळ्यात जास्त भोवणार. जुन्या सिस्टीममध्ये नाव कसंही घातलं तरी खपून जायचं. आडनाव नसलेला पासपोर्ट असेल तर कुणी नाव दोनदा घालायचं, कुणी आडनावाच्या जागी वडिलांचं. नव्या सिस्टीम पासपोर्टमधली माहिती आणि बुकिंगमधलं नाव ताडून बघतात आणि जुळलं नाही की ऑनलाइन चेक-इन अडवतात. त्यात देशांचे स्वतःचे नियम. नोव्हेंबर २०२२ मध्ये युएईने व्हिजिट आणि टूरिस्ट व्हिसावर येणाऱ्यांसाठी पासपोर्टवर एकच शब्द असलेलं नाव चालणार नाही असं कळवलं. पुढे दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल असा खुलासा झाला. एअरलाइन ही अट सिस्टीममध्येच बसवते, मग काउंटरवरच्या ओळखीचा उपयोग नाही. म्हणून स्थलांतराच्या आधीच प्रत्येक आखाती बुकिंगचं नाव पासपोर्टशी ताडा. त्याच माणसाच्या नावातली स्पेलिंगची चूक बुकिंगनंतर २४ तासांच्या आत कळवली तर पैसे न घेता दुरुस्त करून द्यावी, असं डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, म्हणणं आहे. पण ती सोय कंपनीच्या वेबसाइटवरून थेट काढलेल्या नव्या बुकिंगला, चार महिन्यांपूर्वीच्या नाही.

आणखी एक नियम बदलेल, तो पत्रात लिहिलेला नसतो. जुन्या व्यवस्थेत बरेचसे अपवाद माणसांच्या डोक्यात होते. सुपरवायझरला फोन केला, 'दादा, म्हातारी एकटी आहे, बाजूची सीट द्या', आणि काम झालं. नवी सिस्टीम घेताना कंपनी प्रत्येक अपवाद लिहून काढते आणि मग ठरवते की कुठला नियमात घालायचा, कुठला सोडायचा, कुठल्याचे पैसे घ्यायचे. सीट, सामान, आधी बोर्डिंग, सगळं सुटं करून विकणं नव्या सिस्टीममध्ये सोपं होतं. कंपन्या एवढा खर्च करतात त्यामागे हे मोठं कारण आहे. तसंच पैसे न भरता धरून ठेवलेल्या सीटचं. चतुर्थीसाठी दोन-तीन नावांनी सीट अडवून ठेवायची सवय आपल्याकडच्या काही ऑफिसांना आहे, तुमच्याबद्दल म्हणत नाही. नवी सिस्टीम अशी दुहेरी बुकिंगं शोधून आपोआप उडवते आणि कधी कधी त्यातलं खरंच उडतं. तेव्हा आत्ताच साफसूफ करून ठेवा.

स्थलांतर झाल्यावर पहिल्या सकाळी क्यू, म्हणजे कंपनीकडून आलेल्या बदलांची यादी, उघडा. वेळ बदललेल्या, नंबर बदललेल्या बुकिंगांचा ढीग असेल, त्यातलं प्रत्येक स्वीकारावं लागतं. मग त्या आठवड्यातल्या प्रत्येक प्रवाशाचं तीन जागी बघा. नवा पीएनआर कन्फर्म आहे का, तिकीट नंबर त्याच पीएनआरमध्ये आहे का, आणि त्या तिकिटाचं कूपन 'ओपन', म्हणजे अजून न वापरलेलं, आहे का. तिकीट नंबरच न देणाऱ्या कंपन्या आहेत, तिथे पैसे भरल्याची नोंद आणि सीट-सामानाच्या पावत्या बघा. मग व्हीलचेअर, बाळ, जादा सामान. कंपनीच्या ई-मेलवर विसंबू नका, बुकिंगमध्ये तुमच्या ऑफिसचाच नंबर घातलेला असेल तर प्रवाशाला काहीच कळणार नाही. आणि गोव्याच्या दोन विमानतळांचे कोड वाचा. मोपा जीओएक्स, दाभोळी जीओआय. वेळापत्रक नव्याने भरताना विमानतळ बदलला तर सावंतवाडीहून गाडी सांगणाऱ्याला त्याचा अर्थ बराच फरक.

काही बिघडलंच तर लक्षात असू द्या, सिस्टीम बदलतेय म्हणून डीजीसीएचे नियम थांबत नाहीत. कन्फर्म तिकीट असून, वेळेत येऊन जागा नाकारली आणि कंपनीने तासाभराच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई लागू होते. चोवीस तासांच्या आतल्या विमानात बसवलं तर मूळ भाडं आणि इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावाही कंपनीचीच जबाबदारी आहे, एजंट तिचा प्रतिनिधी, तेव्हा 'एजंटला विचारा' एवढ्यावर प्रवाशाला वाटेला लावता येत नाही.

त्या आठवड्यात त्या कंपनीची तिकिटं विकावीत का, हेही तुम्ही विचारलंय. मुंबई-गोवा, हातात एकच बॅग, तरुण माणूस, दिवसाची फ्लाइट: बिनधास्त विका. ज्याचा व्हिसा दोन दिवसांत संपतोय, ज्याची मुंबईला पुढची फ्लाइट दुसऱ्या कंपनीची आहे, किंवा जी म्हातारी व्हीलचेअरवर एकटी येणार आहे, त्यांना कटओव्हरच्या आधी चार दिवस किंवा नंतर एक आठवडा काढून द्या. चतुर्थीच्या आदल्या रात्रीची शेवटची फ्लाइट मात्र कुणालाच देऊ नका, ती चुकली तर मुंबईहून त्या रात्री कोकणकन्येत पाय ठेवायलाही जागा मिळणार नाही.